जास्वंदीला खवले लागलेत : तोडू की फवारू?

पत्राचा सारांश

सांगलीतल्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. बैठं घर, पुढे थोडी जागा. कुंपणालगत सासूबाईंनी वीसेक वर्षांपूर्वी लावलेल्या सहा गावठी जास्वंदी, त्यांच्या टोकाला अनंत, नळापाशी कढीपत्ता. दिवाळीनंतर जास्वंदीच्या फांद्यांवर खोबऱ्याचा कीस चिकटवावा तसे पांढरे कण, म्हणजे खवले नावाची रस शोषणारी कीड, दिसू लागले. अनंताच्या पानांमागे शिरेला धरून हिरवट चपटे ठिपके बसलेत. अनंताची आणि त्याला खेटून असलेल्या दोन जास्वंदींची पानं चिकट होऊन काळी पडलीत आणि खोडावर मुंग्यांची रांग दिवसभर चालू असते. शेजारच्या प्लॉटवर वर्षभर बांधकाम सुरू असल्यानं सगळ्यावर धूळ आहे. झाडं मलूल वाटली म्हणून ताईंनी दोनदा युरिया घातला. नीमतेल महिन्याला एकदा असं तीनदा फवारलं. “एकही खवला जागचा हलला नाही,” असं त्या लिहितात.

आता घरात मतं अशी : माळीकाका म्हणतात, दुकानातून एक जालीम औषध आणतो, वरून मारू आणि मुळाशीही ओतू, विषय संपेल. शेजारच्या वहिनींना आपल्या मोगऱ्याची धास्ती आहे, त्यांचं म्हणणं झाडं सरळ उपटा. सासूबाई म्हणतात, हातानं लावलेलं झाड तोडायचं नाही आणि देवाच्या फुलाला विष मारायचं नाही, बंबातली राख टाका. यजमान म्हणतात, तुम्ही दोघी ठरवा. ताईंचा प्रश्न : “तोडू की फवारू? आणि फवारायचं ठरलं तर सासूबाईंना कसं समजावू?”

उत्तर

ताई,

निर्णयाची घाई जरा बाजूला ठेवा. उद्या सकाळी चांगल्या उजेडात एक टाचणी आणि शाळेच्या प्रयोगशाळेतलं भिंग घेऊन जास्वंदीपाशी जा. फांदीवरचा एकेक खवला टाचणीच्या टोकानं अलगद उचला आणि खाली काय आहे ते पाहा. ओलसर, पिवळट, दाबल्यावर पाणी सुटणारा जीव असेल तर तो जिवंत. खाली नुसता कोरडा, तपकिरी चुरा असेल तर मेलेला. वेगवेगळ्या फांद्यांवरचे वीस-पंचवीस तरी उचला आणि जिवंत किती, मेलेले किती, ते एका कागदावर लिहून ठेवा.

हे करायला सांगण्याचं कारण तुमचंच वाक्य : एकही खवला जागचा हलला नाही. तो हलणारच नाही. दिसतं ते किड्याचं अंग नाही, त्यानं स्वतःभोवती मेणाचं आणि आपल्याच टाकलेल्या कातेचं केलेलं झाकण आहे. खालचा किडा मेला तरी झाकण फांदीला आठवडेच्या आठवडे चिकटून राहतं. फवारलं, दुसऱ्या दिवशी पाहिलं, पांढरं तसंच, म्हणजे औषध फुकट गेलं, असं समजून माणूस आणखी कडक औषधाकडे वळतो. तुमच्या नीमतेलानं काहीच केलं नसेल, किंवा निम्मे मारलेही असतील. टाचणी लावल्याशिवाय कळायला मार्ग नाही. त्यामुळे “नीमतेलानं होत नाही” हे तुमच्या पत्रातलं पहिलं गृहीतक मी तूर्त बाजूला ठेवते.

दुसरं गृहीतक, की झाडांना एकच रोग लागलाय. तुमच्या वर्णनावरून तिथे दोन वेगळे किडे आहेत. जास्वंदीच्या फांद्यांवरचे पांढरे ते कठीण कवचाचे खवले. त्यातले बारीक, लांबट, पांढरे कण बहुतेक नरांचे असतात. माद्या करड्या-तपकिरी, शिंपल्याच्या आकाराच्या आणि सालीच्या रंगात मिसळलेल्या, म्हणून नजरेतून सुटतात. अनंताच्या पानामागचे हिरवट ते मऊ खवले. फरक महत्त्वाचा आहे, कारण मऊ खवले पानाचा गोड रस भरपूर ओढतात आणि त्यातली जास्तीची साखर बाहेर टाकतात. शेतकरी म्हणतात तो चिकटा हाच. चिकट्यावर काजळी धरते आणि चिकट्यासाठीच मुंग्या येतात. कठीण कवचाचे खवले चिकटा टाकत नाहीत. म्हणजे तुमच्या त्या दोन काळ्या जास्वंदींचा दोष जास्वंदीकडे नसून त्यांच्यावर झुकलेल्या अनंताकडे असण्याची शक्यता दाट आहे. उरलेल्या चार जास्वंदी पांढऱ्या आहेत पण काळ्या नाहीत, हे तुम्हीच लिहिलं आहे. काजळीची बुरशी पानात शिरत नाही, वर बसते, ऊन अडवते. चिकटा थांबला की ती वाळून पापुद्रे धरते आणि पाण्यानं धुऊन जाते. तिच्यासाठी वेगळं बुरशीनाशक आणायला कुणी सांगितलं तर पैसे वाचवा.

आता मुंग्यांकडे वळते, कारण माझ्या मते तुमच्या बागेतली निम्मी लढाई तिथे आहे आणि पत्रात त्यांना तुम्ही एका ओळीत उरकलंय. मुंग्या पान खात नाहीत म्हणून आपण त्यांना निरुपद्रवी समजतो. पण त्या या किड्यांची राखण करतात. खवल्यांना खायला ढालकिडा (लेडीबर्ड) आला, किंवा त्यांच्यात अंडी घालायला बारीकशी परोपजीवी माशी आली, की मुंग्या तिला हुसकावतात. मुंग्या थांबवल्या आणि बाकी काहीही केलं नाही तरी मऊ खवले कमी होताना दिसतात. अनंताच्या खोडाभोवती जमिनीपासून वीतभर उंचीवर रुंद चिकटपट्टी किंवा कापडाची पट्टी घट्ट गुंडाळा आणि तिच्यावर ग्रीस किंवा व्हॅसलीन फासा. थेट सालीवर फासू नका, साल गुदमरते. अनंताची जी फांदी कुंपणाला, भिंतीला किंवा जास्वंदीला टेकलेली असेल ती कापा, नाहीतर मुंग्या तिच्यावरून वळसा घेतील. धुळीनं पट्टी भरली की पुन्हा लावा. तुमच्याकडे ते वारंवार करावं लागेल.

जास्वंदीला बुंध्यापासूनच अनेक फांद्या असतात, पट्टीचा उपयोग होत नाही. तिथे आमिष ठेवा : साखरेच्या पाकात शंभराला एक भाग इतकीच बोरिक पावडर, भोकं पाडलेल्या झाकणाच्या डबीत, मुलं आणि कुत्री-मांजरं पोहोचणार नाहीत अशा जागी. पावडर जास्त झाली तर मुंगी वाटेतच मरते आणि वारुळापर्यंत काही पोहोचत नाही. मुंग्यांच्या खडूचंही तेच होतं. चार मेलेल्या दिसतात, समाधान वाटतं, आणि संध्याकाळी रांग पुन्हा सुरू.

माळीकाकांच्या औषधाबद्दल मी तुम्हाला सरसकट “रसायन वाईट” असं सांगणार नाही. तुमच्याच जिल्ह्यातली द्राक्षशेती फवारणीशिवाय उभी राहिली नसती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण काकांना हे विचारा. बाटलीवर नाव काय, आणि कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी ते मंजूर आहे? १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली प्रत्येक औषधाची नोंदणी होते आणि लेबलावर पीक, कीड आणि मात्रा छापलेली असते. दुकानदारांच्या बोलण्यात त्याला ‘लेबल क्लेम’ म्हणतात. लेबलावर रंगाचा त्रिकोणही असतो : लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. लाल किंवा पिवळ्या त्रिकोणाचं काहीही, जिथे रोज फुलं तोडली जातात आणि कढीपत्ता खुडला जातो अशा अंगणात येता कामा नये. लेबल नसलेल्या बाटलीत ओतून आणलेलं तर दारातूनच परत पाठवा.

मुळाशी ओतायच्या औषधाबद्दल जरा जास्त सांगते, कारण ते सोपं वाटतं आणि म्हणूनच लोक फसतात. अशा कामासाठी सहसा वापरतात ती आंतरप्रवाही औषधं, इमिडाक्लोप्रिडसारखी. मुळातून वर चढतात आणि झाडाच्या रसात जातात. मावा, मिलीबग (पिठ्या ढेकूण), मऊ खवले रस पितात, त्यांच्यावर ती चालतात. पण कठीण कवचाचे खवले त्या वाहत्या रसावर जगतच नाहीत. सालीच्या आणि पानाच्या पेशी फोडून खातात, तिथे हे औषध पुरेसं पोहोचत नाही. तुमची मुख्य तक्रार जास्वंदीच्या पांढऱ्या फांद्यांची आहे. म्हणजे ज्यासाठी ओतणार त्यावर परिणाम जेमतेम, आणि जाणार कुठे? फुलाच्या मधात, जो प्यायला मधमाश्या आणि शिंजीर येतात. आणि नळापाशी ओल धरून पसरलेल्या कढीपत्त्याच्या मुळांत, जी कुंपणापर्यंत गेलेली असण्याची पूर्ण शक्यता आहे. कढीपत्ता तुम्ही फोडणीत टाकता. एवढं पुरे.

आणखी एक गोष्ट, जी अशा पत्रांत सहसा कुणी विचारत नाही : फवारणार कोण? माळीकाकाच ना? हातमोजे, तोंडाला मास्क, अंगभर कपडे यातलं त्यांच्याकडे काय आहे? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. ती पिकं शेतात होती, पोटापाण्याचा प्रश्न होता. सहा जास्वंदींसाठी एका माणसाला बनियनवर उभं करून तुषार अंगावर घ्यायला लावणं मला पटत नाही. माळीकाकांना कामच द्यायचं असेल तर छाटणीचं आणि ब्रशचं द्या. मजुरी तेवढीच द्या.

कडक औषधाचा तिसरा तोटा दिसायला वेळ लागतो. ते खवल्यांच्या आधी त्यांच्या वैऱ्यांना मारतं. झाकणाखालचा खवला वाचतो, उघड्यावर फिरणारा ढालकिडा मरतो. मग दोन महिन्यांत खवले पूर्वीपेक्षा जास्त. २००८ साली कोइमतूरला पपईवरचा मिलीबग पहिल्यांदा सापडला आणि पुढच्या दोन वर्षांत दक्षिणेत आणि आपल्या पुण्यापर्यंत पसरला. पपई, तुती आणि हो, जास्वंदसुद्धा. फवाऱ्यांवर फवारे झाले, दाद मिळेना. मग २०१० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यामार्फत पोर्तो रिकोहून तीन जातींच्या परोपजीवी माश्या आणून बेंगळुरूला कृषिमहत्त्वाच्या कीटकांच्या राष्ट्रीय ब्युरोत वाढवल्या आणि बागांमध्ये सोडल्या. त्यानंतर तो मिलीबग आटोक्यात आला. त्याआधी सव्वाशे वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-मोसंबीच्या बागा कापसासारख्या खवल्यानं बसत चालल्या होत्या, त्या १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या एका लाल-काळ्या ढालकिड्यानं वाचवल्या. तुम्हाला परदेशातून काही आणायचं नाही. तुमच्या अंगणात जे आहे ते मारायचं नाही, एवढंच.

म्हणून टाचणीचं काम करताना आणखी दोन गोष्टी शोधा. एखाद्या खवल्याच्या पाठीवर टाचणीनं पाडल्यासारखं नेटकं गोल भोक दिसलं, तर आत वाढलेली परोपजीवी माशी बाहेर पडून गेली आहे. अशी भोकं बऱ्याच खवल्यांवर असतील तर त्या झाडावर काहीही फवारू नका, तिथे तुमचं काम दुसरं कुणीतरी करतंय. आणि पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या लोंबणारा, पण मिलीबगपेक्षा मोठा आणि भराभर चालणारा जीव दिसला तर त्याला चिरडू नका. ती क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी असते. मिलीबग आणि मऊ खवले खाते आणि दिसते मात्र हुबेहूब मिलीबगसारखी, त्यामुळे अनेक घरांत तीच आधी मारली जाते. तासगाव-मिरजेकडच्या एखाद्या द्राक्षबागायतदाराला दाखवलीत तर तो लगेच ओळखेल, तिकडे मिलीबगसाठी हे किडे मुद्दाम सोडतात. काळा, चकचकीत, टाचणीच्या डोक्याहून थोडा मोठा ढालकिडा फांदीवर दिसला तर तोही आपलाच, तो कठीण कवचाचे खवले खातो.

(जाता जाता : लाख देणारा किडा याच खवल्यांच्या कुळातला. गोंदियाकडे पळसावर, बोरीवर, कुसुमावर तो मुद्दाम वाढवतात. पांडवांसाठी बांधलेल्या लाक्षागृहात तुमच्या अनंतावरच्या पाहुण्याचे चुलतभाऊ होते. वर्गात मुलांना सांगायला बरं.)

आता हे झालं कशामुळे. खवले दरवर्षी थोडेफार असतातच, एखाद्या वर्षीच ते हाताबाहेर का जातात ते पाहायला हवं. तुमच्या पत्रात दोन कारणं उघड आहेत. एक म्हणजे धूळ. पानाफांद्यांवर सिमेंट-मातीचा थर बसला की परोपजीवी माश्यांना आणि ढालकिड्यांना शोधणं, फिरणं अवघड होतं. झाकणाखालच्या खवल्याला त्याचा काही त्रास नाही. म्हणूनच सासूबाईंची राख मी या वेळी नको म्हणेन. बाकी त्यांच्याशी माझं जवळजवळ एकमत आहे, पण राख म्हणजे आणखी धूळ. बंबातली राख खत म्हणून मातीत थोडी मिसळू द्या, पानांवर नको. दुसरं कारण युरिया. झाड मलूल दिसलं की खत घालावंसं वाटतं, साहजिक आहे. पण नत्र जास्त झालं की कोवळी, रसदार फूट येते आणि रस पिणाऱ्या किडीची वाढ जोरात होते. पावसाळ्यापर्यंत युरिया पूर्ण बंद ठेवा. खत द्यायचंच तर चांगलं कुजलेलं शेणखत, तेही जूनमध्ये.

कामाला सुरुवात याच पंधरवड्यात करा, कारण मार्च सरला की सांगलीचं ऊन तेलाचा फवारा सहन करू देणार नाही. आधी सहाही जास्वंदी आणि अनंत नळीच्या पाण्यानं, जरा जोरात, पानांच्या खालून आणि फांद्यांवरून धुवा. धूळ जाईल, नुकती बाहेर पडलेली पिल्लंही वाहून जातील. बांधकाम चालू आहे तोवर आठवड्यातून एकदा हे धुणं चालू ठेवा. पाणीटंचाई असेल तर किमान अनंत आणि सर्वांत पांढरी जास्वंद.

मग छाटणी. सहापैकी सर्वांत वाईट तीन जास्वंदी निवडा आणि त्यांच्या पांढऱ्या झालेल्या फांद्या कापा, पण एका वेळी झाडाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. भर उन्हाळ्यात भुंडं केलेलं झाड उन्हानं भाजतं. उरलेल्या तीन जूनमध्ये. जास्वंदीला फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे छाटलेल्या झाडांवर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा बहर दिसेल, आणि तोवर न छाटलेल्या तीन झाडांवरून देवाला फूल मिळत राहील. कापलेल्या फांद्या कापता कापताच पोत्यात भरा. अंगणातून ओढत नेल्या किंवा कुंपणाशी ढीग घातला, तर त्यावरची पिल्लं उतरून शेजारच्या झाडावर चढतात. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून दोन-तीन आठवडे उन्हात ठेवा, मग कचऱ्यात. जाळू नका.

राहिलेल्या जाड फांद्यांसाठी जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी. हे कंटाळवाणं काम आहे, दोन माणसांनी गप्पा मारत करावं असं. पण कठीण कवचाच्या खवल्यांवर याच्याइतका हमखास उपाय नाही, कारण झाकण खरवडलं की किडा उघडा पडतो आणि खाली पडलेला परत चढू शकत नाही. मोठ्या माद्यांना पायच नसतात.

पाय असतात ते पिल्लांना. अंड्यातून निघाल्यावर थोडे तास, फार तर दोनेक दिवस ती रांगतात, जागा निवडतात, सोंड खुपसतात आणि तिथेच कायमची बसतात. खसखशीच्या दाण्याहून लहान, पिवळट-नारिंगी. तेल किंवा साबण त्यांच्यावर खरा चालतो, कारण अंगावर झाकण तयार झालेलं नसतं. तुम्ही महिन्यातून एकदा फवारलंत, आणि उष्ण हवेत यांची एक पिढी साधारण महिना-दीड महिन्यात पुरी होते. म्हणजे तीनही वेळा तुमचा फवारा झाकणांवरच पडला असण्याची शक्यता आहे. नेमकी वेळ साधायला बोटाएवढ्या जाडीच्या दोन-तीन फांद्यांवर, पांढऱ्या भागाच्या लगत, दोन्हीकडून चिकटणारी पट्टी गुंडाळा. दर दोन दिवसांनी भिंगानं पाहा. पट्टीवर पिवळे ठिपके अडकलेले दिसले की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फवारा आणि मग आठ-दहा दिवसांच्या अंतरानं आणखी दोनदा.

प्रमाण : एक लिटर पाण्याला ५ मिली नीमतेल आणि १ ते २ मिली सौम्य द्रवसाबण. तेल आणि साबण आधी कपभर कोमट पाण्यात दुधाळ होईपर्यंत हलवा, मग उरलेल्या पाण्यात ओता. फवारताना मधूनमधून पंप हलवत राहा, नाहीतर तेल वर तरंगतं, आधी नुसतं पाणी फवारलं जातं आणि शेवटी नुसतं तेल पानांवर पडून ती करपतात. पहिल्या दिवशी चार-पाच पानांवर मारून दोन दिवस थांबा. झाडाला आदल्या दिवशी पाणी दिलेलं असावं, ऊन कललेलं असावं. आणि नोझल खालून वर धरा. खवले फांदीवर आणि पानाच्या पाठीला आहेत. आपण सगळे उभं राहून वरून फवारतो आणि पानांची तोंडं धुतो. कढीपत्त्यावर खवले दिसले तर आधी फक्त पाणी, साबण आणि ब्रश, तेल शेवटी. फवारल्यावर आठवडाभर पानं न वापरता, नंतर स्वच्छ धुऊन वापरा.

पावसाळ्यात अनंतासाठी व्हर्टिसिलियम लेकॅनी ही बुरशीची पावडर कृषी सेवा केंद्रात मिळते. मऊ खवल्यांवर आणि मिलीबगवर चालते, पण तिला हवेत दमटपणा लागतो. आत्ता घेऊन काही उपयोग नाही.

उपटून टाकण्याबद्दल. वहिनींची भीती खोटी नाही. ही पिल्लं वाऱ्यावर उडतात, कपड्याला, कोयत्याला चिकटून जातात. पण सहा झाडं मुळापासून उपटून अंगणातून ओढत बाहेर नेण्यानं मोगऱ्याकडे जितकी पिल्लं जातील तितकी एरवी महिनाभरात जाणार नाहीत. त्यांना बोलावून भिंग हातात द्या आणि मग दोघी मिळून त्यांचा मोगराही पाहा. बहुतेक तिथे आधीपासून काहीतरी सापडेल. ते तुमच्याकडून गेलं की त्यांच्याकडून आलं, या वादात पडू नका.

सासूबाईंना कसं समजावू, हे तुम्ही विचारलंत. मला वाटतं समजावण्याची गरज तुम्ही गृहीत धरली आहे. त्यांचं म्हणणं दोन वाक्यांचं आहे, तोडू नका आणि विष मारू नका, आणि वर पाहिलंत तर तुमच्या झाडांसाठी दोन्ही योग्य आहेत. कारण त्या भक्तीचं देत असतील, मी खवल्याच्या खाण्याच्या सवयीचं देते. राखेपुरतं बोला, तेही पानं पुसून धूळ दाखवून. उलट रोज पहाटे फुलं तोडायला त्याच झाडांपाशी उभ्या राहतात, त्यांच्याकडे पट्ट्या पाहायचं काम द्या. नजर साथ देत नसेल तर फांदीला हात लावून नवा खरखरीत भाग कुठे आला तेवढं सांगायला. यजमानांना ब्रश द्या, “तुम्ही दोघी ठरवा” म्हणणाऱ्याला एवढं चालायला हवं.

याच विषयावर कुंड्या असलेल्या वाचकांची पत्रं येतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. कुंडीतल्या झाडाचं काम सोपं असतं. कापसाच्या बोळ्याला सर्जिकल स्पिरिट लावून एकेक खवला पुसता येतो आणि बाधित कुंडी महिनाभर वेगळी ठेवता येते. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवली की मुंग्या चढत नाहीत, फक्त डास होऊ नयेत म्हणून ते पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला. गुलाबवाल्यांनी लक्षात ठेवावं की भुरीसाठी गंधक फवारलं असेल तर पुढचे तीन-चार आठवडे तेलाला हात लावायचा नाही, दोन्ही एकत्र आले की पानं जळतात. आणि नर्सरीतून रोप घेताना फुलाकडे पाहायच्या आधी पान उलटं करा. बहुतेकांच्या घरी ही कीड शंभर-दोनशे रुपयांच्या रोपाबरोबर रिक्षातूनच येते.

एखादं झाड सोडून द्यायची वेळ येऊ शकते, तेही सांगून ठेवते. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की प्रत्येक जास्वंदीच्या फांद्यांवर नखानं साल जराशी खरवडा. खाली हिरवं असेल तर फांदी जिवंत, तपकिरी कोरडं असेल तर गेली. एखाद्या झाडाच्या बहुतेक मोठ्या फांद्या कोरड्या निघाल्या आणि बुंध्यातून नवी फूट नसेल तर ते एक झाड काढा, पोत्यात बांधून. त्याच्या जागी नवं रोप विकत आणू नका. उरलेल्यांपैकी सर्वांत निरोगी जास्वंदीची पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांब छाट घ्या. ती साबणाच्या पाण्यात बुडवून, ब्रशनं हलकेच पुसून, भिंगाखाली सगळ्या बाजूंनी पाहून मगच मातीत लावा.